अनुभव धागा : घट्या, डफ, पावरी, कानबाई – आपल्या बोलीतलं गाणं सांभाळताना

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि खाली बागलाण-मालेगावपर्यंतच्या पट्ट्यात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, मावची, कोकणी, तडवी, गुजरी, बंजारा अशा बोली शेजारी शेजारी नांदतात. शाळेत मराठी, सुरतेच्या गाडीत बसलं की गुजराती, रावेर ओलांडलं की निमाडी आणि हिंदी. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशी भिल्ली भाषांसोबत ठेवली. २०११ च्या जनगणनेत ती मराठीपासून वेगळी मोजली गेली, बोलणारे १८ लाखांवर, आणि अहिराणी, डांगी, गुजरी तिच्याच खाली. कागदावर आपली जागा अशी हलत राहते. गाणं मात्र पहिल्या ओळीत सांगतं की बाई कुठली.

आठवणींचा धागा वेगळा आहे, त्या तिथेच राहू द्या. इथे ज्यांनी हाताने काम केलंय त्यांनी काम सांगावं: काय लागतं, किती, कुठे बिघडतं आणि का.

घट्यावरची (जात्यावरची) गाणी रेकॉर्ड करणारी, अमळनेर

फोन चालतो, महागडं यंत्र लागत नाही. पण फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर आवाज दाबून साठवतं. वेव्ह फाइल देणारं अ‍ॅप घ्या आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जातात, म्हणजे तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास. ८ जीबी मोकळी असल्याशिवाय घरातून निघू नका.

फोन जमिनीवर ठेवला की घट्याची घरघर फरशीतून थेट माइकमध्ये शिरते, आणि ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. गोधडीची चौपदरी घडी, तिच्यावर फोन, बाईच्या तोंडापासून दोन फुटांवर आणि खुंट्याच्या विरुद्ध बाजूला. पंखा बंद. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण ओवीचा शेवट बाया एकदम उचलतात आणि तिथेच आवाज फाटतो.

घट्या रिकामा फिरवायला लावू नका. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि हातालाही ओढ मिळत नाही. ज्वारी टाका, मूठ मूठ. भरड दळण असेल तर आवाज खरबरीत येतो. घट्याच नसेल तर नुसतं बसून म्हणायला सांगू नका. हात फिरायचा थांबला की ओव्यांचा क्रम तुटतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं. परातीत हात गोल फिरवत म्हटलं तरी क्रम बराच परत येतो.

सगळ्यात मोठी चूक कागदावर होते. गाण्यापुढे गाव लिहिताना सगळे सासरचं गाव लिहितात. बाईने गाणं आणलेलं असतं माहेराहून. शिरपूरची माहेरवाशीण पाचोऱ्यात राहत असेल तर गाणं पाचोऱ्याचं होत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याला निदान पाच नोंदी ठेवा: माहेरचं गाव आणि तालुका, सासरचं गाव, बोलीला ती स्वतः काय म्हणते, गाणं कोणत्या सणाचं किंवा कामाचं, कोणाकडून शिकली. आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिच्या तोंडून परवानगी घ्या, तिच्याच बोलीत. हे पुढे किती कामी येतं ते खाली कोणीतरी सांगेलच.

अहिराणीत लिहिणारा, धुळे

ताईंनी रेकॉर्डिंगचं सांगितलं, मी उतरवून घेण्याचं सांगतो. शब्द टाइप करताना आपला हात आपोआप प्रमाण मराठीकडे वळतो आणि गाणं मोडतं. समजावण्यासाठी एक साधी ओळ जुळवतो:

मना भाऊ शे शेतमा
मनी माय शे घरमा

अक्षरं मोजा, दोन्हीकडे आठ. आता हीच 'सुधारून' लिहा: माझा भाऊ आहे शेतात, माझी आई आहे घरात. दोन्हीकडे नऊ. एकट्या 'शे'च्या जागी 'आहे' आलं की दोन मात्रांच्या चार होतात आणि गाणारी तिथे अडखळते. 'माले'चं 'मला' केलं तर उलट एक मात्रा कमी पडते, मग ती भरायला गाणारे मध्ये 'गं' घुसवतात. किती तरी छापील गाण्यांत असे 'गं' दिसतात. ते गाण्यातले नव्हेत, मुद्रितशोधकाचे आहेत.

दुसरं, 'करस', 'जास', 'गास'. अहिराणीत तो करस, ती बी करस. मराठीत आणताना 'करतो' किंवा 'करते' निवडावंच लागतं, आणि जे गाणं बाया-गडी दोघंही म्हणतात ते एकाचंच होऊन बसतं.

ळ जिथे य ऐकू येतो तिथे यच लिहा: डोया, काया. ण जिथे न आहे तिथे न: पानी. पण जे ऐकलं तेच. लेवा गणबोलीतल्या बाईचं 'व्हतं' अहिराणी करून टाकायचं नाही. बहिणाबाईंची गाणी अहिराणी म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत. त्या असोद्याच्या, बोली लेवा गणबोली. फरक कानाला सहज कळतो: 'माह्या' आणि 'मना' यांची गल्लत कशाला करायची?

मी दोन स्तंभ ठेवतो. डावीकडे ऐकलं तसं, उजवीकडे मराठीत अर्थ. उजवा स्तंभ कधीच गायला द्यायचा नाही.

डफ-ढोलकी दुरुस्त करणारा, चोपडा

आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ ला जातो आणि श्रावणात भिंती ओल्या होतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) एका टोकाला, कानबाई (श्रावणातला देवीचा सण) दुसऱ्या. एकच वाद्य दोन्हीकडे तसंच वाजेल ही अपेक्षाच चूक आहे.

डफाचं बकऱ्याचं कातडं ओल धरलं की आवाज 'भद्द' येतो. शेकायचं, पण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर नाही. पऱ्हाटी भडकते, ज्वाळ वर येते आणि कातडं कडेला करपतं. जाळ बसू द्या, निखारा झाला की दोन-अडीच फुटांवर डफ उभा धरून फिरवत राहा. तीन-चार मिनिटं पुरतात. मधूनमधून बोटाने टिचकी मारा, सूर चढताना कळतो. एकाच जागी धरला की तिथे कातडं ताठतं, बाकी ढिलं राहतं आणि पुढच्या थापेला कडेवर फाटतं. श्रावणात तासाभराने परत शेकायची तयारी ठेवावी. वहीगायनाच्या (डफावर म्हणायच्या लोकगाण्यांच्या) मंडळांनी दोन डफ ठेवावेत, एक हातात, एक शेकोटीजवळ.

उन्हाळ्यात उलटं. डफ, ढोलकी उन्हात किंवा गाडीच्या टपावर ठेवू नका. कातडं इतकं आवळतं की ढोलकीच्या चाटीवरच्या शाईला (तोंडावरच्या काळ्या लेपाला) भेगा जातात, आणि भेग गेलेली शाई डागडुजीने परत गात नाही, पुरी काढून नवी भरावी लागते. प्रवासात ओलसर, पिळलेलं सुती फडकं ढोलकीच्या खोडाभोवती गुंडाळा. पुडीवर (कातड्याच्या तोंडावर) नाही, खोडावर. कार्यक्रम संपला की कड्या थोड्या उतरवून ठेवा. ताणलेली ढोलकी खुंटीला टांगून विसरणं हे पुडी फुटण्याचं पहिलं कारण.

फायबरचं पान बसवलेले डफ आता सगळीकडे आलेत. ओल लागत नाही, खरं आहे. पण दबका आवाज त्यातून निघत नाही, आणि वहीगायनात गाणाऱ्याचा शब्द वर ठेवायला तोच लागतो. मिरवणुकीला फायबर ठीक, बैठकीला कातडंच.

पावरी, साक्री-नवापूरकडून

पावरी म्हणजे इथे फुंकून वाजवायचं वाद्य, बोली नव्हे. तिला कडू भोपळा लागतो. वेलावरच वाळलेला घ्या. हिरवा तोडून घरात वाळवलेला आतून बुरसतो आणि वर्षभरात चिरतो. बिया आणि गर खडे घालून हलवून काढायचा. त्याला बांबूच्या दोन नळ्या, टोकाला शिंग, आत बांबूचीच कापलेली जिभली, आणि सगळे सांधे मेणाने बंद. एका सांध्यातून जरी हवा गेली तरी सूर लटपटतो. तपासायला तोंड लावून फुंका आणि सांध्यांवरून ओला हात फिरवा, गार लागलं तिथे गळती.

जिभलीच्या टोकाला मेणाचा कण लावला की सूर उतरतो, काढला की चढतो. एवढीच काय ती सूर लावायची सोय. म्हणून बॅण्डवाल्या भावांना विनंती: पावरी तुमच्या कीबोर्डला जुळत नाही, कीबोर्ड पावरीला जुळवा. सगळा सूर एकदम वर-खाली सरकवणारं मास्टर ट्यून त्यासाठीच असतं.

पावरीचा सूर मध्ये तुटत नाही. गाल फुगवून हवा धरायची आणि ती सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. शिकवताना पाण्याच्या पेल्यात पपईच्या देठाने बुडबुडे काढायला लावा. बुडबुडे न थांबता दोन मिनिटं आले की मगच पावरी हातात.

आणि एक. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचा काळ मार्गशीर्षाचा. त्या वेळची चाल वाढदिवसाच्या मिरवणुकीत वाजवायला सांगू नका, वाजवणारा नाही म्हणाला तर जास्तीचे पैसे पुढे करू नका.

बेंजो आणि कीबोर्ड, शिंदखेडा

वरच्या भाऊचं बरोबर आहे, एक भर घालतो. कीबोर्डवरचा 'पावरी' टोन एकाच सुराचा नमुना ताणून केलेला असतो. मूळ सुराच्या वर-खाली चार-पाच पट्ट्यांपर्यंत बरा वाटतो, पुढे खेळण्यातल्या पिपाणीसारखा.

कानबाईच्या जागरणाचं बघणारी, पारोळा

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे १० नंतरचं सगळं उघड्या गळ्याने. हे चांगलंच आहे, पण मग बसायची रचना जमली पाहिजे. बाया समोरासमोर दोन ओळींत, मध्ये चार-पाच फूट, सात-आठ जणींची एक ओळ. एका ओळीने टाकायचं, दुसरीने झेलायचं. सगळ्या देवीकडे तोंड करून बसल्या तर मागच्यांना ओळ ऐकू येत नाही, अर्ध्या तासात चार जणींवर गाणं येतं आणि पहाटेपर्यंत त्यांचे गळे बसतात.

सूर पहिली म्हणणारी धरेल तोच. तिने उत्साहात वर धरला तर बारा वाजेपर्यंत सगळ्या ओरडायला लागतात. म्हणून पहिलं गाणं मुद्दाम वयस्कर बाईकडे द्यावं, ती खालीच धरते. लय आपोआप वाढत जाते, वाढू द्यावी. फुगडीची गाणी मध्यरात्रीनंतर ठेवा, झोप उडते.

मुलींना हातात मोबाइल धरून शब्द वाचू देऊ नका. वाचणारीचं लक्ष पडद्यावर, झेलायला ती हमखास उशीर करते. दोन मुलींच्या मध्ये एक येणारी काकू बसवा, तिसऱ्या फेऱ्याला मुली ओठ हलवायला लागतात.

शाळेत शिकवणारा, धडगाव भाग

पहिलीतलं पोर पावरी बोली घेऊन येतं. मराठी कविता चालीत म्हणून दाखवली की ते चाल उचलतं, शब्द नुसते ओठावर राहतात. उलटं करून बघा. आधी आठवडाभर त्यांच्याच बोलीतलं चार ओळींचं गाणं, मग त्याच चालीत मराठी चार ओळी, विषय तोच. अनोळखी शब्द एका गाण्यात तीनच. गाणं गावातल्या आजीकडून घ्या, शिक्षकाने पावरीत स्वतः रचू नये, उच्चार चुकले की पोरं हसतात आणि पुढे बोलतच नाहीत.

स्नेहसंमेलनाबद्दल कळकळीने सांगतो. अंगाला पानं बांधून, तोंड काळं करून 'आदिवासी नृत्य' बसवणं बंद करा. सातपुड्यातल्या लोकांचा हा पोशाख नाही. होळीला अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधून नाचणारा बुध्या नवसाने नाचतो, पाळणी पाळून. तो वेश शाळेच्या मंचावर आणायचा असेल तर आधी गावच्या जाणत्यांना विचारा. ते बहुधा साधा ढोलाचा नाच सुचवतील, आणि तोच घ्यावा.

सुरतेत कार्यक्रम बसवणारा, मूळ नंदुरबार

उधना, लिंबायत, पांडेसरा भागात आपली वस्ती मोठी. पोरं गुजराती माध्यमात. त्यांच्याकडून अहिराणी गाणं बसवताना दोनच चुका सतत होतात. गुजरातीत नो-नी-नुं, आपल्याकडे ना-नी-नं. म्हणून 'मामाना'चं 'मामानो' होतं. आणि 'शे'चं 'छे'. दोन्ही भाषा इतक्या जवळ की चूक करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. शब्द गुजराती लिपीत देतो, वाचायला सोपं जातं, पण 'ना' आणि 'शे' लाल शाईने. पहिल्या दोन तालमी नुसत्या बोलून, चाल न लावता. चालीत बसलेली चूक काढायला दुप्पट वेळ जातो.

चॅनल चालवणारी, जळगाव

अमळनेरच्या ताईंनी परवानगीचं सोडलं होतं ते पुरं करते. परंपरेचं गाणं कोणा एकाच्या मालकीचं नाही, पण ते गाऊन केलेलं ध्वनिमुद्रण मालकीचं असतं, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. गाणाऱ्या बाईचाही कलावंत म्हणून हक्क आहे, ५० वर्षं. म्हणून मोबाइलवरच्या परवानगीत तीन गोष्टी नीट बोलून घ्या: कुठे टाकणार, पैसे आले तर तिचा वाटा किती, आणि तिने सांगितलं तर काढून टाकणार का.

व्हिडिओवर कधी कधी दुसऱ्याच कंपनीचा मालकीचा दावा येतो, कारण तेच गाणं त्यांनी डीजेवर वाजवून नोंदवलेलं असतं. घाबरून काढू नका. हरकत घ्या, त्यात 'पारंपरिक गाणं, गायन आमचं, वाद्य आमचं' एवढं स्पष्ट लिहा आणि मूळ वेव्ह फाइल तारखेसह जपून ठेवा. मात्र मागे त्यांच्याच गाण्याचा ट्रॅक वाजत असेल तर दावा खरा आहे, तिथे भांडू नका. लग्नाच्या मिरवणुकीत चित्रण करताना हेच होतं: समोर बाया झोक्याचं गाणं म्हणतात, मागे डीजेची गाडी. गाडी निदान दोन गल्ल्या पुढे जाऊ द्या, मग कॅमेरा सुरू करा.

शीर्षकात 'मराठी लोकगीत' एवढंच लिहू नका. बोलीचं नाव, सण आणि माहेरचा तालुका लिहा. शोधणारी पोर आपल्या आजीच्या गावाच्या नावानेच शोधते.