शब्दचर्चा : ‘निगेटिव्ह फीडबॅक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या मुलांसाठी विवर्धकावरचं (ॲम्प्लिफायरवरचं) एक भाषांतर माझ्याकडे तपासायला आलंय. त्यात निगेटिव्ह फीडबॅकला ‘प्रतिकूल अभिप्राय’ केलंय. मग पुढे वाक्य येतं : ‘प्रतिकूल अभिप्राय दिल्यास विवर्धक स्थिर राहतो.’ मुलांनी यातून काय समजून घ्यायचं? अभिप्राय, प्रतिसाद, पुनर्भरण, प्रत्याभरण असे चार शब्द माझ्यासमोर आहेत आणि एकही मनापासून पटत नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि ऑसिलेशन यांचंही तेच. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

ताई, अभिप्राय माणूस देतो, परिपथ (सर्किट) देत नाही. परिपथात बाहेर पडलेल्या संकेताचा एक अंश उचलून पुन्हा आत भरला जातो, म्हणून शब्दात ‘भरण’ हवंच. ‘पुनर्भरण’ म्हटलं की आपल्याकडे विहिरीच आठवतात. ‘प्रत्याभरण’ बी.एड.वाल्यांच्या सूक्ष्म अध्यापनात रुळलेला शब्द आहे, पण त्यातला ‘प्रति’ परतीची वाट दाखवतो. मी तोच वापरीन.

विशेषण मात्र ‘प्रतिकूल’ नको, ‘ऋण’ हवं. इथे ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजा. परत आलेला अंश मूळ संकेतातून वजा होतो. समजा विवर्धकाची मूळ वाढ १,००,००० पट आहे आणि बाहेरचा शंभरावा भाग आपण ऋण करून परत भरतो. एकूण वाढ उरते ९९.९ पट. आता तापमानामुळे म्हणा, भाग जुने झाल्यामुळे म्हणा, मूळ वाढ निम्मी होऊन ५०,००० वर आली, तरी एकूण वाढ ९९.८ राहते! हजारपट वाढ गमावली, पण त्या बदल्यात भरवसा मिळाला. टेलिफोन अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचली आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडली. दूरच्या टेलिफोन मार्गांवर एकामागून एक विवर्धक लावावे लागत आणि प्रत्येकाने संकेतात आणलेली विकृती पुढच्यात साचत जाई. तो त्रास त्यांना घालवायचा होता. ‘प्रतिकूल’ म्हटलं की हे सगळं उलटं वाचलं जातं.

उत्तर

मी साऊंडचं काम करतो. आमच्यात कोणी प्रत्याभरण म्हणत नाही, ‘माईक शिट्टी मारतोय’ म्हणतात. स्पीकरच्या बॉक्समधला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत बॉक्समधून निघतो, पुन्हा माईकमध्ये. हे धन, म्हणजे वजा न होता मिळवलं जाणारं, प्रत्याभरणच ना, सर? कुठल्याही सुरात शिट्टी बसत नाही. फेरा पूर्ण करून आवाज जिथे जुळून येतो आणि कमी होत नाही, तोच सूर धरतो. माईक सरकवला की सूर बदलतो. इक्वलायझरवर तेवढीच पट्टी खाली ओढली की शांत. मुलांना आधी हे ऐकवा, शब्द मग सांगा.

उत्तर

वरचं उदाहरण पुस्तकात यायलाच हवं. ब्लॅक यांच्या काळचे टेलिफोन अभियंते तर विवर्धक ‘गातो’ असं म्हणत.

आता उरलेले शब्द. फ्रिक्वेन्सीला शाळेच्या पुस्तकात ‘वारंवारिता’ आहे, विश्वकोशात ‘कंप्रता’. मुलं वारंवारिता शिकून आलेली असतात, तीच ठेवा. पण ‘वारंवारिता प्रतिसाद’ असा जोडशब्द करू नका. त्यातून ‘किती वेळा प्रतिसाद देतो’ असं काहीतरी निघतं. ‘वारंवारितेनुसार प्रतिसाद’ म्हणा, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती वाढ मिळते हे आपोआप कळतं. ७४१ या विवर्धक आयसीची वाढ सुमारे २ लाख पट, पण ती जेमतेम ५ हर्ट्‌झपर्यंत. त्यापुढे ती घटत जाते. ऋण प्रत्याभरणाने वाढ १०० वर आणा, मग ती सुमारे १० किलोहर्ट्‌झपर्यंत टिकते.

ऑसिलेशनसाठी ‘आंदोलन’ शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण ‘विवर्धक आंदोलन करू लागतो’ वाचताना डोळ्यांपुढे मोर्चा येतो. ‘दोलन’ घ्या. आणि एक गोष्ट नक्की लिहा : उंच वारंवारितेला परिपथातल्या उशिरामुळे संकेताची कला (फेज) १८० अंशांनी मागे पडली, तर तेच ऋण प्रत्याभरण धन होऊन बसतं. त्या ठिकाणी फेऱ्यातली वाढ १ किंवा जास्त असेल, तर दोलन सुरू, म्हणजे माईकची ती शिट्टीच. ७४१ च्या आत ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर मुद्दाम ठेवलाय, तो वाढ आधीच उतरवण्यासाठी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ‘ऋण प्रत्याभरण’, ‘वारंवारितेनुसार प्रतिसाद’ आणि ‘दोलन’ घेतले. पहिल्या उल्लेखाला ‘फीडबॅक’ शेजारी ठेवीन, कारण मुलांना प्रयोगशाळेत तोच ऐकू येणार. प्रकरणाची सुरुवात शिट्टी मारणाऱ्या माईकने करतेय. असं दोलन मुद्दाम निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरचं मात्र अडलंय : ‘दोलक’ म्हटलं की लंबक आठवतो, आणि ‘आंदोलक’ तर सरळ रस्त्यावरच जातो.