शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी: शेवट पळवायचा की रखडवायचा?

गुहागरचा_पत्रा:
मंडळी, एक विचारायचंय. माझ्याकडे सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या पाचव्या सिम्फनीचं (चार भागांची मोठी ऑर्केस्ट्रा-रचना) कंडक्टर बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं १९५९ चं रेकॉर्डिंग होतं, त्याचा शेवट असा सुसाट सुटतो की शिमग्यात पालखी घेऊन पोरं धावतात ना, तसं. परवा भाच्याने रोस्त्रोपोविच या दुसऱ्या कंडक्टरचं पाठवलं, तर तोच शेवट इतका संथ की मला वाटलं मोबाइलच बिघडला, एकच सूर आपटत बसलेत नुसते! मग खरं कुठलं धरायचं? आणि दुसरं, तिसरा भाग पावसात ऐकूच येत नाही, डोक्यावर पत्रा. आवाज वाढवला की चौथा भाग सुरू होताच नगारे कडाडतात आणि आई माजघरातून ओरडते.

पेटीवाला_रत्नागिरी:
घोळ छापील प्रतींपासूनच आहे हो, एका आवृत्तीत शेवटच्या पानांचा वेग दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. बर्नस्टाइनने जलद धरला. त्याच साली मॉस्कोत त्याने ही सिम्फनी केली तेव्हा शोस्ताकोविच स्वतः हजर होता, स्टेजवर येऊन हात मिळवला, आणि परत गेल्यावर लगेच तुमचं हे रेकॉर्डिंग झालं. म्हणजे जलद शेवट चूक म्हणायची सोय नाही.

पण तो आपटलेला सूर नीट ऐका. पेटीवर पांढरी दोन सा धरा, मग तो पंचम. व्हायोलिनं आणि बासऱ्या-बिसऱ्या सगळे मिळून पंचमच कुटतायत, खाली ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) विजयाची धून वाजवतोय. पळवलं की जत्रा वाटते, हळू केलं की कुणीतरी मानेवर हात ठेवून 'हस, हस' म्हणतंय असं वाटतं. १९३६ मध्ये 'प्रावदा' या सोव्हिएत सरकारी पक्षाच्या पेपरात शोस्ताकोविचच्या ऑपेरावर झोड उठली, चौथी सिम्फनी त्याने तालमी चालू असताना मागे घेतली (ती वाजली थेट १९६१ मध्ये, कंडक्टर कोन्द्राशिनकडे), आणि त्यानंतरची ही पाचवी. आता ठरवा तो खूश होता का ते.

मालवणी_झील:
माका तर हळू वाजवलेलाच खरा वाटता. पण दोन्ही बाजूला ठेवा आणि म्राविन्स्की हा कंडक्टर ऐका, १९३७ मध्ये लेनिनग्राडला पहिल्यांदा ही सिम्फनी वाजवली ती त्यानेच, आणि पुढे पन्नास वर्षं तिथलाच ऑर्केस्ट्रा सांभाळला. त्याची बरीच रेकॉर्डिंगं आहेत, १९८४ चं लाइव्ह घ्या. लोक खोकतात वगैरे, पण ट्रम्पेट असे धारदार की कोयतीच, आणि हॉर्न कापऱ्या आवाजात, जुने रशियन वाजवायचे तसे. बर्नस्टाइनचा मला उगाच उदोउदो वाटतो, सॉरी.

पत्र्याचं म्हणाल तर आमच्याकडे पण तेच. तिसऱ्या भागात ब्रासवाले अख्खा वेळ गप्प बसतात, तंतुवाद्यांचे नेहमीच्या पाचाऐवजी आठ गट केलेत, शेवट शेवट तर हार्प आणि सेलेस्टा (घंटीसारखा किणकिणणारा छोटा पियानो), ते पागोळ्यांत विरघळूनच जाणार. जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, त्यात बारीक-मोठ्यातला फरक कमी असतो. नाहीतर कंडक्टर हाइटिंकचं, पण ते हेडफोनवरच, साउंड स्वच्छ आहे आणि आईची झोप पण राहील 😄

पेटीवाला_रत्नागिरी:
बर्नस्टाइनवर बोलायचं काम नाही 😠 असो. पाचवी पचली की दहावीकडे या. कंडक्टर कारायानने शोस्ताकोविचची तेवढी एकच सिम्फनी रेकॉर्ड केली, तीही दोनदा, १९६६ आणि १९८१. तिच्यात शोस्ताकोविचने स्वतःची सही घातलीये, नावातल्या जर्मन अक्षरांचे चार सूर. पेटीवर पांढरी एकचा सा धरून वाजवा: रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. मला पटदीपचाच वास आला, आमच्या भजनाच्या बुवांना ऐकवलं तर ते म्हणाले, 'पुढे काय? हा तर मधेच सोडलाय.'

गुहागरचा_पत्रा:
म्राविन्स्की ऐकला काल रात्री, लाइट गेलेली, हेडफोनवर. खोकणारा माणूस तिसऱ्या भागात असा खोकला की मी मागे वळून बघितलं. बर्नस्टाइन काही मी टाकत नाही, शिमग्याला लावायला राहू दे. ती सहीपण वाजवली, आमच्या पेटीचा कोमल ग दमट हवेने अडकतो त्यामुळे रे सा नी एवढंच आलं.