अदितीने लपवलं की नवऱ्याने ऐकलंच नाही?
'अस्तित्व' (2000) सिनेमातली अदिती, मुलगा नवरा श्रीकांतचा नसून तिच्या संगीतशिक्षकाचा, मल्हारचा आहे, याबद्दल २५ वर्षं गप्प बसली म्हणजे तीही तेवढीच खोटारडी, असं वर कोणीतरी म्हटलंय, पण अहो तिने सांगायचा प्रयत्न केला होता ना, दिवस गेल्याचं कळल्यावर श्रीकांत एवढा हरखला की त्याने तिला बोलूच दिलं नाही. अदिती झालेल्या तब्बूचं ते बोलायला अर्धवट उघडलेलं तोंड अजून आठवतं. आणि मल्हारने सगळं अदितीच्या नावे केल्याचं मृत्युपत्र आल्यावर श्रीकांतसाहेब काय करतात, तर जुन्या डायऱ्या काढून तारखा जुळवतात, जणू बँकेचं पासबुक! स्वतःची लफडी मात्र 'पुरुष आहे' खात्यात. काल ठाणे लोकलमध्ये मैत्रिणीशी यावरनं वाजलंच माझं, ती म्हणे तरी मुलाला सांगायला हवं होतं. तिथे मी जरा अडले, खरंय ते.