३१ मार्चच्या क्लोजिंगनंतर निघालो तर जपानचा साकुरा (चेरीचा बहर) सापडेल का? नागपूरहून, दोघंच

क्लोजिंगवाला (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. सरकारी बँकेत 30 वर्षं झाली. या 30 वर्षांत मार्चमध्ये एकही रजा घेतलेली नाही, म्हणजे मिळालेलीच नाही. यंदा लग्नाला 25 वर्षं होतात. बायको शाळेत चित्रकला शिकवते. दर फाल्गुनात तिला स्कूटरवर बसवून उमरेड रोडला पळस पाहायला नेतो. ती कडेला स्टूल टाकून रंगवते, मी पाण्याची बाटली धरून उन्हात उभा. या खेपेस ब्रश धुता धुता म्हणाली, "केशरी पुष्कळ झालं. आता एकदा ते जपानचं फिकट गुलाबी जवळून पाहायचं आहे. फोटोत ते पांढरं आहे की गुलाबी तेच कळत नाही."

झालं. तेव्हापासून मी शोधून राहिलो आणि जिकडे पाहावं तिकडे एकच उत्तर: मार्चचा शेवटचा आठवडा, एप्रिलचा पहिला. म्हणजे नेमकं माझं क्लोजिंग. 1 एप्रिलला बँक तुमच्यासाठी बंद असते, आम्ही आतच असतो. मग ऑडिटर येऊन बसतात. साहेबांनी सांगितलंय, 10 तारखेनंतर कुठंही जा, त्याआधी नाव काढू नका. म्हणजे माझ्या हातात 11 ते 25 एप्रिल. बायकोचं अडत नाही, चित्रकलेचा पेपर सगळ्यात आधी आटोपतो.

इथल्या एका टूरवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणे, "एप्रिल पंधरा म्हणजे झाडाला नुसती पानं, साहेब. 26 मार्चचा ग्रुप घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघा." पुढच्या वर्षीही 31 मार्च येणारच आहे ना बाप्पा!

तर कोणी एप्रिलच्या मध्यावर गेलं आहे का? खरंच काही उरत नाही का? खर्चाचं विचाराल तर या वर्षी सोन्याचं नाव काढणार नाही असं घरून लेखी मिळालं आहे.

बर्डीचा_बंडू

शिलाँगला जा ना भाऊ. तिथं पण चेरी ब्लॉसम असते, फेस्टिव्हल होते. पासपोर्ट नको, व्हिसा नको, गुवाहाटीहून गाडी.

डोंगरदऱ्या

बंडूभाऊ, एप्रिलमध्ये शिलाँगला पाठवाल तर वहिनी पानं रंगवून परत येतील. तो फेस्टिव्हल नोव्हेंबरात असतो. तिथलं झाड हिमालयातली रानचेरी, आयुर्वेदात पद्मकाष्ठ म्हणतात ते. त्याचा बहर पावसाळा सरल्यावरचा. नोकरीपायी चार वर्षं होतो तिथं, दिवाळी झाली की रस्त्याकडेला गुलाबी दिसायला लागायचं.

वसंतात देशातल्या देशात पाहायचं तर श्रीनगरला हरिपर्वताच्या पायथ्याशी बदामवारी आहे, पण बदाम मार्चमध्येच फुलतो, म्हणजे पुन्हा तुमचं क्लोजिंग. एप्रिलमध्ये लडाखला जर्दाळू फुलतो. बदाम, जर्दाळू, चेरी ही सगळी सख्खी चुलत भावंडं. पण 25 वर्षांनी बायकोनं जपान म्हटलं आहे, तर मी जर्दाळूवर भागवायचा सल्ला देणार नाही. माझं घर मला प्रिय आहे.

रामटेकची_माई

क्लोजिंगवाले भाऊ, तुमच्या टूरवाल्याचं अर्धं खरं आहे. तोक्योपुरतं. बाकीचा जपान त्याच्या सहा दिवसांच्या बसमध्ये मावत नाही, म्हणून त्याच्या लेखी तो नाहीच.

मी भूगोल शिकवायची, तेव्हा जरा लांबण लावणार, ऐकून घ्या. मुलगा तिकडे नोकरीला असतो, त्यामुळे दोन वसंत पाहिले. एक फसला, एक साधला. 2023 ला मी सगळ्यांसारखाच मार्चअखेरचा हिशोब धरला आणि 2 एप्रिलला तोक्योत उतरले. त्या वर्षी तिथं 14 मार्चलाच फुलं उघडली होती, 22 ला पूर्ण बहर. उएनो पार्कात गेले तर झाडांना कोवळी पानं, आणि गटाराच्या जाळीत पाकळ्यांचा तपकिरी लगदा. सोबत धाकटी बहीण होती. ती म्हणे, "ताई, यापेक्षा आपला अंबाझरीचा बगीचा काय वाईट होता?" पुढच्या वर्षी हट्टानं त्याच तारखांना गेले, तर 29 मार्चला उघडून 4 एप्रिलला भरात. शहर तेच, तारखा त्याच, आणि पंधरा दिवसांचा फरक. तेव्हापासून मी एका शहरावर डाव लावत नाही.

ही तारीख ठरते कशी तेही सांगते, मला तर त्याचीच मौज वाटली. तोक्योत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याची माणसं ते पाहून जातात. त्याच्यावर पाच-सहा फुलं उमलली की "उघडलं" असं जाहीर करतात. टीव्हीवाले कॅमेरे लावून उभे! 80 टक्के उमललं की "पूर्ण बहर". त्यापुढे जेमतेम आठवडा, आणि मध्ये पाऊसवारा आला तर तेवढाही नाही. अंदाज खासगी हवामान कंपन्या जानेवारीपासून देतात. सरकारी खात्यानं 2010 पासून अंदाज देणं सोडलं, ते आता झालेलं तेवढं सांगतं.

आता तुमचं. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो आणि सखल भागातून डोंगरावर चढतो. तोक्यो-क्योतो संपतं तेव्हा सेंदाईकडे भर असतो, आणि आओमोरीकडे झाडं अजून कळ्यांत. त्यामुळे 11 ते 25 एप्रिल हे तुम्ही रडतराऊत होऊन सांगताय, पण मला विचाराल तर बेस्ट. गर्दी कमी, आणि 29 एप्रिलपासून त्यांच्या सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक लागतो त्याच्या आत तुम्ही घरी.

मी असं करेन. दिल्लीहून तोक्योला थेट विमानं आहेत, आठेक तास. उतरलात की एक दिवस शिंजुकु ग्योएन या बागेला द्या. तिकीट लागतं आणि आत दारू चालत नाही, त्यामुळे शांत असतं. तिथं उशिरा फुलणाऱ्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती आहेत, शेवंतीसारख्या भरगच्च. 2023 ला माझ्या बहिणीचा रुसवा तिथंच गेला.

मग दोन रात्री क्योतो, आणि तेही फक्त निन्नाजी मंदिरासाठी. तिथल्या ओमुरो चेऱ्या एप्रिलच्या मध्याला फुलतात आणि झाडं बुटकी, दोन-तीन मीटरची. फूल नाकासमोर येतं. वहिनींनी जागा पकडली की मान वर करायला नको. क्योतोतलं बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल. हे माझं मत, लोक मला हाणतील.

तिथून उत्तर. सेंदाईजवळ शिरोइशी नदीकाठी आठ किलोमीटर झाडांची रांग आहे, मागं झाओचे बर्फाचे डोंगर. पुढे काकुनोदाते, जुन्या सामुराई वाड्यांची गल्ली, काळ्या लाकडी कुंपणांवरून लोंबणारी झुलती चेरी. शेवटी हिरोसाकीचा किल्ला, 2600 च्या आसपास झाडं. खंदकात पाकळ्या पडून पाणी दिसेनासं होतं, गुलाबी सतरंजी अंथरल्यासारखं. हिरोसाकीत खोली मिळाली नाही तर आओमोरीत राहा, लोकल गाडीनं पाऊण तास धरा. वर्ष लवकरचं निघालं तर सेंदाईला उरलेलं पाहाल आणि हिरोसाकीला भर, उशिराचं निघालं तर सेंदाईला भर आणि हिरोसाकीला कळ्या. कुठंतरी गाठ पडतेच. हॉटेलं फक्त रद्द करता येणारीच घ्या, मग मार्चच्या शेवटी अंदाज पाहून एखादी रात्र इकडची तिकडे करता येते.

एक सांगायचं राहिलं. तिथंही आर्थिक वर्ष 1 एप्रिललाच सुरू होतं, शाळासुद्धा. म्हणजे त्यांचंही क्लोजिंग 31 मार्चलाच! फरक इतकाच की ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला ते झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून साहेबांसाठी जागा धरायला पाठवतात. तुमच्या साहेबांना ही कल्पना देऊ नका.

काटोलचा_बागाईतदार

माई, तुमी लय भारी सांगतलं. मी जपानले गेलो नाई, जायाचा बी नाई, पण झाडाचं मले कळते. आमी संत्र्याले पाण्याचा ताण देतो तवा आंबिया बहार फुटते. त्या चेरीले थंडीचा ताण लागते. हिवाळ्यात पुरेशी थंडी पडली नाई तर कळी जागीच होत नाई, अन् मंग ऊन वाढलं की फुलते. तिकडचे लोक म्हणे 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत धरतात, 600 अंश झाले की फूल. आपल्याकडे काटोलात हा हिशोब वीसेक दिवसांतच पुरा होईन, पण थंडीच नाई तर फूल येईन कुठून.

अन् सगळे एकाच दिवशी काहून फुलतात ते बी सांगतो. ती सोमेई योशिनो नावाची जात सगळी कलमाची हाय, एकाच झाडाची. बियांवरची झाडं असती तर मागंपुढं झाली असती. हिरोसाकीवाल्याईनं तर सफरचंदाची छाटणी चेरीवर लावली म्हणते, म्हणून तिथं एकेका डोळ्याले जास्त फुलं. हे पाहाले मात्र मी गेलो असतो.

क्लोजिंगवाला

माई, साष्टांग नमस्कार. तुमचं लिहिलेलं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. "फूल नाकासमोर" ऐकल्यावर क्योतो पक्कं झालं, माझ्या मताची गरज उरली नाही.

आता दोन अडचणी. एक, ती पक्की शाकाहारी, अंडंही नाही. दोन, व्हिसा आत्ताच काढून ठेवू का? मी डिसेंबरमध्येच सगळे कागद लावून मोकळं व्हायच्या विचारात आहे, बँकेतली सवय. आणि तिचा मूळ प्रश्न राहिलाच: पांढरं की गुलाबी?

नंदनवनचा_नाना

व्हिसाचं मी सांगतो, गेल्या वर्षी काढला. डिसेंबरमध्ये काढू नका. एका प्रवासाचा व्हिसा दिल्यापासून तीन महिनेच चालतो, एप्रिलपर्यंत बाद व्हायचा. फेब्रुवारीत लावा. तुमच्या बँकेची एनओसी मात्र आधीच मागून ठेवा, ती जपानी व्हिसापेक्षा जास्त वेळ खाते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. ई-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. मी रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून नेली होती. काउंटरवरच्या मुलीनं ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून परत दिली आणि म्हणाली, फोन प्लीज.

रेल्वे पास डोळे झाकून घेऊ नका. सात दिवसांचा देशभराचा पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 येनवरून एकदम 50,000 झाला. आधी सुट्या तिकिटांची बेरीज मारा. बेरजेत तुम्ही आमच्यापेक्षा पक्के.

रामटेकची_माई

जेवणाचं: सूप असो की भाजी, त्यात दाशी म्हणजे उकळून काढलेलं सार असतं, आणि ते बहुतेक वेळा माशाचं. नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही, मासा त्यांच्या हिशोबी मीट नाही. क्योतोत देवळांच्या आसपास शोजिन र्‍योरी मिळतं, बौद्ध भिक्खूंचं बिनमांसाचं जेवण, एक वेळ तरी खा. एरवी दुकानातल्या भाताच्या त्रिकोणी वड्यांत उमेबोशीवाली घ्या, आत आंबट-खारट आलुबुखार असतो, आपल्या लोणच्याच्या जवळचा. तरी पाकिटावरची यादी फोननं वाचूनच घ्या. दशम्या, मेतकूट, तिखट पोहे इथून न्या. संत्री मात्र नेऊ नका, कितीही वाटलं तरी. ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. मी पोराला म्हणून डझनभर नेली होती, डोळ्यांदेखत गेली.

आणि साकुरायु मागा. मिठात मुरवलेलं फूल कपात ठेवून वर गरम पाणी ओततात. आधी सुरकुतलेली गाठ असते, मग एकेक पाकळी सुटत जाते. चव विचाराल तर खारं पाणी. पण मी दोन कप प्याले.

आता वहिनींचा प्रश्न. दोन्ही खरं. सोमेई योशिनोची कळी चांगली गुलाबी असते. उमललं की जवळजवळ पांढरं, निळं आकाश मागं असलं तर पांढरंच. आणि गळायला आलं की फुलाच्या मधोमध लाली चढते. पाकळीच्या टोकाला एक बारीकशी खाच असते, कात्रीनं नेमकी टिचकी मारल्यासारखी. ती वहिनींनी नक्की काढावी, पुष्कळ जण विसरतात.

क्लोजिंगवाला

मंडळी, तिकिटं काढली. 11 एप्रिलला रात्री नागपूरहून दिल्ली, 12 ला पुढे. 24 ला परत. क्योतो दोन रात्री, सेंदाई तीन, आओमोरी तीन, बाकी तोक्यो. एनओसीचा अर्ज टाकला, कारणाच्या रकान्यात "कौटुंबिक" लिहिलं. साहेबांनी वाचून विचारलं, कोणाचं लग्न आहे का? म्हटलं, झालं, 25 वर्षांपूर्वी.

बंडूभाऊ, शिलाँग नोव्हेंबरात बघतो. तेव्हा क्लोजिंग नसतं.

बायकोनं गुलाबीच्या तीन ट्यूब आणून ठेवल्या होत्या. माईंचं उत्तर वाचून काल दोन बर्डीच्या दुकानात परत केल्या आणि पांढरा घेऊन आली.