मदत हवी आहे: बिनपगारी इंटर्नशिपसाठी बँकॉकला जावं का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. गेल्या गुरुवारी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आशिया-पॅसिफिक आयोगाकडून, म्हणजे बँकॉकच्या एस्कॅपकडून मेल आला. इकॉनॉमिक अफेअर्स इंटर्न म्हणून तीन महिन्यांसाठी निवड झालीय. चार महिन्यांपूर्वी इन्स्पिरावर, म्हणजे राष्ट्रसंघाच्या भरतीच्या संकेतस्थळावर, अर्ज टाकला होता आणि मध्ये पंचवीसेक मिनिटांची ऑनलाइन मुलाखत झाली होती. पुढे काही कळलं नाही, म्हणून मी नाद सोडला होता.

अडचण पैशांची आहे. राष्ट्रसंघाच्या सचिवालयात इंटर्नना मानधन नसतं. तिकीट, व्हिसा, राहणं-खाणं, आजारपणाचा विमा, सगळं आपलं आपण बघायचं. जाहिरातीत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हा "आधी निवड तर होऊ दे" म्हणून मी पुढे गेले, आता ते अंगाशी आलंय.

माझा हिशोब असा: खोली महिना 9,000 बाथ, जेवण दिवसाला 200, येणंजाणं आणि फोन मिळून तीन महिन्यांचे 5,000. म्हणजे 50,000 बाथ. बाथ 2.70 रुपयांना धरला तर 1,35,000 रुपये. त्यात विमानाचे 25,000 आणि विमा-व्हिसाचे 10,000 घातले की 1,70,000 होतात. बाबा बार्शीत अडत दुकानावर दिवाणजी आहेत, त्यांचा जवळजवळ आठ महिन्यांचा पगार.

शनिवारी घरी गेले. बाबांनी मेलची प्रिंट मागितली आणि खतावणीचं पान तपासावं तशी ओळीवर पट्टी ठेवून वाचली. मानधन नाही त्या ओळीपाशी पट्टी थांबली. म्हणाले, "काम त्यांचं अन् वर खर्च आपला? आपल्याकडचा हमालसुद्धा असं करत नाही गं." आई मात्र एकटी कशी राहशील यावरच अडलीय, पैशांपर्यंत ती पोचलेलीच नाही.

काम मला मनापासून आवडलंय. व्यापार विभागात बसायचं आहे. एस्कॅप आणि जागतिक बँक मिळून व्यापारखर्चाची एक आकडेवारी ठेवतात, म्हणजे एका देशातला माल दुसऱ्या देशात पोचेपर्यंत त्यावर काय काय चढतं ती. जकात तर आलीच, पण बंदर, कागदपत्रं, वाहतूक, वेगळी भाषा, सगळ्याचा भार त्यात येतो. बाबांना सांगितलं, "तुमच्या हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई असते ना, तसंच, फक्त देशादेशांतलं." यावर ते पहिल्यांदा हसले.

दहा दिवसांत कळवायचंय, त्यातले चार गेले. मला विचारायचंय ते हे: या अनुभवाला पुढे खरंच वजन असतं का, की नुसता सीव्हीवरचा निळा शिक्का? खर्चासाठी कुठली शिष्यवृत्ती मिळते का? आणि एस्कॅपचं दक्षिण आशियाचं कार्यालय दिल्लीत आहे, तिथे बदलून मागता येईल का? शैक्षणिक कर्ज काढ असं मैत्रीण म्हणतेय, पण तीन महिन्यांच्या बिनपगारी कामासाठी कर्ज काढायचं म्हणजे मला घाम फुटतो.

*

झोंबरा_वारा: आधी एक खात्री करून घे. राष्ट्रसंघाच्या नावाने खोटी निवडपत्रं सर्रास येतात. मेल un.org वरूनच आलाय ना? कुणी प्रक्रिया शुल्क, अनामत असलं काही मागितलंय का? राष्ट्रसंघ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक पैसा घेत नाही.

धागाकर्ती: मेल तिथलाच आहे आणि पैसे कुणी मागितलेले नाहीत. इन्स्पिरावरही निवड दिसतेय. तरी बाबांनी हाच प्रश्न तीनदा विचारला :)

लेमानकाठ: मी बऱ्याच वर्षांपूर्वी जिनिव्हाला अंक्टाडमध्ये, म्हणजे राष्ट्रसंघाच्या व्यापार आणि विकासाच्या संस्थेत, इंटर्न होतो, म्हणून लिहितो. 2015 साली जिनिव्हात राष्ट्रसंघाचा न्यूझीलंडचा एक इंटर्न भाडं परवडत नाही असं सांगत तंबूत राहत होता. त्याची बातमी जगभर गाजली. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्यातले दोघं महिनाभर मित्रांच्या सोफ्यावर काढून आले होते. त्या मानाने बँकॉक माणसाला जगू देतं.

वजनाचं म्हणशील तर ते शिक्क्याला नसतं, तू तिथे काय केलंस त्याला असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा चार महिने बैठकांची इतिवृत्तं लिहीत बसला आणि तसाच घरी गेला. मला सुदैवाने अशी बाई वरिष्ठ मिळाली की तिने पहिल्याच आठवड्यात एक तक्ता पुढ्यात टाकला आणि म्हणाली, यातल्या तीन देशांचे आकडे जुळत नाहीत, का ते शोध. 'अ' देशाने दाखवलेली निर्यात आणि 'ब' देशाने दाखवलेली आयात कधीच सारखी नसते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तिथे सहा आठवडे त्यात बुडालो तेव्हा कुठे कळलं की माल सिंगापूरहून वळला की निम्मा घोळ तिथेच होतो. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मी फक्त यावर वीस मिनिटं बोललो.

म्हणून हो म्हणायच्या आधी तुझ्या होणाऱ्या वरिष्ठांना मेल टाक आणि सरळ विचार: मी कुणाच्या हाताखाली असेन, तीन महिन्यांत माझ्या हातून नेमकं काय तयार व्हावं अशी अपेक्षा आहे, कुठलं सॉफ्टवेअर वापरता. उत्तर गुळमुळीत आलं तर घरीच बस. नेमकं आलं तर जा. पण यातून तिथेच नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस. एरवीही ते क्वचितच होतं आणि सध्या राष्ट्रसंघातच काटकसर चाललीय.

तुरीची_शेंग: दिल्लीला बदलून मिळणार नाही. प्रत्येक जागेची जाहिरात वेगळी, अर्ज वेगळा. शिष्यवृत्तीचंही फारसं जमणार नाही, सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या पदवीच्या शिक्षणासाठी असतात. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना मात्र विचारून बघ, अशा कामाला ते हात सैल सोडतात.

आणि बँकॉक नाहीच जमलं तर मानधन देणाऱ्या जागा आहेत. मनिलाची आशियाई विकास बँक देते, जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना देते, जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून द्यायला लागली. मुंबईत रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप आहेच. फुकट राबवून घेण्यावर माझा मूळचाच राग आहे. ज्यांच्या बापाला परवडतं त्यांचीच मुलं तिथे पोचतात आणि मग तीच गरिबीवर अहवाल लिहितात.

जुना_मास्तर: बाबांना एक सांगा. हा आयोग 1947 साली शांघायला सुरू झाला, 1949 मध्ये बँकॉकला गेला. त्याचे पहिले प्रमुख होते आपले भारतीय अर्थतज्ज्ञ पी. एस. लोकनाथन. तेव्हा जागा काही अगदीच परकी नाही. बाकी आठ महिन्यांच्या पगाराचं ओझं काय असतं ते मी जाणतो, त्यामुळे जाच असं म्हणणार नाही.

थेवेतघाट: मी बँकॉकलाच असते. आयोगाची इमारत राजदम्नोएन नोक रस्त्यावर, जुन्या शहरात आहे आणि स्कायट्रेन तिथवर जात नाही. म्हणून सगळे सुचवतात तशी सुखुमवितला खोली घेऊ नकोस, रोजचा दीड-दोन तास रस्त्यातच जाईल. नदीच्या बाजूला थेवेत धक्क्याच्या आसपास बघ. होडीने येजा होते, खोल्याही त्या मानाने स्वस्त. जेवणाला 200 बाथ पुरतील, पण तू शाकाहारी असशील तर "जे" (मांस-मासे नसलेलं जेवण) हा एक शब्द शिकून ये. नाहीतर भाजीतही माशाचं पाणी असतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. लेमानकाठ, तुम्ही म्हणालात तसा मेल टाकला होता, काल उत्तर आलं. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या शेतमालाच्या व्यापारखर्चावर एक टिपण करायचं आहे, आकडे 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये साफ करायचे आहेत आणि टिपणावर माझं नाव येईल. परीक्षेनंतर रुजू व्हायलाही त्यांची हरकत नाही.

मेल बाबांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ब्रह्मदेशातली तूर इथं येते ना, तिला तिथून मुंबई बंदरापर्यंत काय काय लागतं ते बघून ये. शेठला सांगता येईल." पैशांचं अर्धं ते बघतायत. उरलेल्या अर्ध्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला अर्ज लिहायला घेतलाय.

थेवेतघाट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि विम्याचं कुणाला माहीत असेल तर सांगा: विद्यार्थ्यांचा साधा प्रवास विमा त्यांना चालतो का, की आणखी काही लागतं?