चासीला जळकं ऑइल नको

गंज लागू नये म्हणून चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल) मारा असं कुणी कुणी सांगतं, ते कृपया टाळा. त्यानं रबरी बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) फुगतात, धूळ चिकटते. गोवा-वेंगुर्ल्याहून बेळगावात मासळी आणणाऱ्या गाड्यांना बर्फाचं खारट पाणी खातं. थंड देशांत रस्त्यावर टाकलेलं मीठही असंच लोखंड खातं. मृगाआधीच गोड्या पाण्यानं खालून धुवा, स्प्रिंगच्या हँगरामागे (स्प्रिंग चासीला अडकवणाऱ्या पट्टीमागे) बसलेला तांबडा चिखल खरवडून काढा. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग वायर ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा (गंजरोधक तांबड्या प्रायमरचा) एक हात. तो पुरता वाळल्यावर अंडरकोटिंगचे (गाडीच्या खालून मारायच्या काळ्या संरक्षक लेपाचे) दोन पातळ हात. ओलीवर मारलं तर पाणी आत कोंडतं, वरून काळंभोर दिसतं आणि आतून पत्रा सडतो. ब्रेक ड्रम, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) या लेपाचा थेंबही लागू देऊ नका. चासीतली पाणी निचऱ्याची भोकं उघडीच ठेवा.