औषधांविषयीचे समुपदेशन मिनिटांत मोजायचे का?

वैद्यकीय अध्यापिका: फार्मासिस्टने प्रत्येक रुग्णाला पाच मिनिटे दिली आणि समाधानाच्या अर्जावर चांगले गुण मिळाले की समुपदेशन उत्तम समजावे, असे इथे कालच एका सदस्याने लिहिले. मला ते मुळीच मान्य नाही. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते रोज घेतले गेल्यास रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. त्यामुळे गोळीचा वार रुग्णाच्या तोंडून वदवून घेतला का, हे आधी तपासले पाहिजे.

काउंटरमागून: संध्याकाळी गर्दी असताना थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्या आणि कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी, एवढे सांगेपर्यंत मागचा माणूस ‘आधी माझी पट्टी द्या’ म्हणून ओरडतो. सल्ल्याचा एक पैसाही आम्हाला मिळत नाही. वर वदवून घ्यायचे ते कधी?

रुग्णाची मुलगी: काउंटरमागे फार्मासिस्ट असतो का, ते आधी सांगा. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते; आमच्या भागातल्या एका दुकानात मात्र भिंतीवर प्रमाणपत्र असते आणि प्रमाणपत्राचा धनी कधीच दिसत नाही. वडिलांना वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना तिथल्या मुलाने काहीही न विचारता डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिले आणि त्यांना रक्ताची उलटी झाली.

काउंटरमागून: तुमच्या वडिलांचे झाले ते अक्षम्य आहे, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी दिवसभर दुकानात स्वतः उभा असतो. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्यांमुळे आमच्यासारख्यांचीही पत जाते.

रुग्णाची मुलगी: मग अशी दुकाने तुम्हाला माहीत असूनही तुमच्यापैकी कोणी तक्रार का करत नाही? रुग्णाने कोणावर विश्वास ठेवायचा?

वैद्यकीय अध्यापिका: हा प्रश्न रास्त आहे, पण फार्मासिस्ट हजर असला म्हणजे समुपदेशन झालेच, असे होत नाही. फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या नियमांत समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्यच मानले आहे. परीक्षकाने ओळख न देता रुग्ण म्हणून दुकानात जावे, वॉरफरिनची चिठ्ठी दाखवून वेदनाशामक मागावे आणि समोरचा काय विचारतो ते नोंदवावे.

काउंटरमागून: चोरून परीक्षा घेणे मला पटत नाही. तरीही मिनिटे मोजण्यापेक्षा ते बरे, एवढे मान्य करतो; मात्र तो परीक्षक दुपारच्या निवांत वेळी न येता सायंकाळच्या गर्दीत आला पाहिजे आणि दुकानात किती माणसे खोळंबली होती, हेही त्याने अहवालात लिहिले पाहिजे.